बोयाचं झाड

माघ सरत आला की आमच्या सोसायटीच्या आवारात पानांचा आवाज सुरू होतो. एरवी चंदनसारमध्ये ऐकू येतात ते पाण्याच्या टँकरचे हॉर्न, शेजारच्या बांधकामावरची कटर मशीन आणि संध्याकाळी खाली खेळणाऱ्या मुलांची भांडणं. या दिवसांत मात्र देशी बदामाची मोठी लाल पानं सिमेंटवरून घासत जातात आणि कोणीतरी कोरडे पापड ओढत नेल्यासारखं वाटतं. सकाळी झाडलोट होते, दुपारपर्यंत आवार पुन्हा भरतं.

पानगळीबद्दल कोणी फारसं प्रेमाने बोलत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर या दिवसांत एकच तक्रार असते, गटार तुंबलंय. मलाही या मोसमाचं कधी काही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षीपासून वाटतं. बदामाचं पहिलं पान खाली आलं की मला रंगाच्या बादलीत उभी असलेली एक काठी आठवते, आणि त्या काठीवरून आमच्या घरात जे झालं ते आठवतं.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. अगदी शब्दशः. बाबा वसईच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. छापून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असत. पाठकोऱ्या बाजूवर मी बेरजा-वजाबाक्या केल्या, आणि अक्षरओळख झाल्यावर मी वाचलेले पहिले शब्द होते ‘कामगार बंधू-भगिनींनो’. घरात जेवताना बोलणं व्हायचं ते कोणी शब्द फिरवला आणि कोणी नाही, याचं. त्यामुळे मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले. पाण्याचं लिहिलं, फुटपाथचं लिहिलं. बाबा तपासून देतात. त्यांची सूचना कायम एकच: “विशेषणं कमी कर. राग आपोआप दिसतो.”

सोसायटीतलं पत्रक झाडांचं होतं. आमचे सेक्रेटरी पेडणेकर काका यांना कुंपणाच्या कडेने कोनोकार्पस लावायचा होता. हायवेवरच्या नर्सरीत त्यांनी तो पाहिला होता. “दोन पावसाळ्यांत हिरवी भिंत उभी राहते,” ते सगळ्यांना सांगत होते. मी त्याविरुद्ध पत्रक काढून प्रत्येक दाराखालून सरकवलं. आपल्या मातीत आपलंच झाड, असा मथळा होता. खाली लिहिलं होतं: परदेशी झाड लावायचं नाही. ज्याचं नाव माहीत नाही ते झाडही लावायचं नाही. प्रत्येक झाडाशेजारी नावाची पाटी असेल. श्रावणातल्या सभेत हात वर झाले आणि ठराव माझ्या बाजूने गेला. पेडणेकर काकांनी तो मान्य केला, पण विसरले नाहीत.

आता बोया.

माझी आई अर्नाळ्याची. माहेर कोळ्यांचं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा जनूमामा, अजून बोटीवर जातो. ठराव झाला त्याच वर्षी, त्याआधीच्या उन्हाळ्यात, मामाने घराचं छप्पर बदलायला काढलं आणि माळा रिकामा केला. खाली उतरवलेल्या ढिगात आजोबांचं एक जुनं जाळं होतं. जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगायला जे बांधतात त्याला बोया म्हणतात. हल्ली सगळे बोये प्लास्टिकचे असतात. आजोबांचा प्लास्टिकवर विश्वास नव्हता. खाडीतल्या लहान जाळ्याला ते शेवटपर्यंत जुनेच बोये बांधायचे. नारळापेक्षा लहान, लांबट, टोकांना निमुळते, डांबर आणि तेल चोळून काळे गुळगुळीत केलेले, मध्ये दोरीची खाच. जाळं कुजलं होतं. आईने त्यातला एक बोया सोडवून घेतला आणि पिशवीत टाकला.

“त्याचं काय करनार?” मामाने विचारलं.

“ठेवनार,” आई म्हणाली. अर्नाळ्याच्या बसमधून उतरली की आईचा ण जातो. परत चंदनसारला आली की येतो.

माहेरून आईने कधी काही मागून आणलेलं मला आठवत नाही. हा एक बोया आणला. तो फ्रीजवर ठेवला होता. कधी कधी ती तो कानाशी धरून हलवायची. आत काहीतरी खुळखुळायचं. लहानपणी असाच बोया पोटाला बांधून ती पोहायला शिकली होती. एक दिवस बाबा फ्रीजवरून किल्ल्या घ्यायला गेले आणि बोया खाली पडून दुभंगला.

आत पांढरं, भुसभुशीत पीठ होतं, धाग्यांत अडकलेलं, आणि त्यात तपकिरी बिया. आई बाबांना काहीतरी बोलणार होती ते विसरली. तिने बोट लावून पीठ चाखलं. “आंबट आहे,” ती म्हणाली. मग लगेच मामाला फोन.

“जनू, बोयात बिया निघाल्या.”

“बोयात बी?” स्पीकरवर मामाचा आवाज घरभर. “बोयात बी कशाला आसंल? बोया काय झाडाला लागतो काय, येडे?”

यात मामाची चूक नाही. त्या घरात बोया जाळ्यावरच जन्माला येत होता. आजोबा ते कुठूनतरी आणायचे, मामाला वाटायचं गुजरातच्या बोटवाल्यांकडून. आणल्यावर वाळवायचे, घासायचे, डांबर लावायचे. पोरांच्या हातात यायचा तोपर्यंत त्याच्यावर झाडाची काही खूण उरत नसे.

बिया दिसल्या की पेरायच्या, ही आईची पद्धत. पेरायच्या कशा, तर वालासारख्या. बिरड्यासाठी वाल भिजवतात तसं तिने बियांवर चहाच्या पातेल्यातलं उरलेलं कढत पाणी ओतलं, रात्रभर ठेवलं, फडक्यात घट्ट बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. रोज फडकं उघडून बघायची. बहुतेक बिया बुळबुळीत होऊन कुजल्या. एकीला मोड आला. तो गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादलीत गेला. बोयाच्या दोन कवट्यांपैकी एक फेकली गेली, दुसरीत आईने लसूण ठेवायला सुरुवात केली.

रोप झपाट्याने वाढलं. पान साधं, लांबट, टोकदार, हिरवंगार. एका देठाला एक पान. आणि मग घरात खेळच सुरू झाला. बाबा म्हणाले काजू. समोरच्या काकू म्हणाल्या अडुळसा आहे, खोकल्याला बरा. मोबाइलमधल्या अ‍ॅपने वरून काढलेल्या फोटोला एक नाव दिलं, बाजूने काढलेल्या फोटोला दुसरं, आणि आईचा हात फोटोत आला तेव्हा तिसरं. मी एका झाडं ओळखण्याच्या ग्रुपवर पानांचे फोटो टाकले. तिथे वीसेक नावं आली. एकाने भीत भीत लिहिलं, गोरखचिंच तर नसेल? मी तत्काळ उत्तर दिलं की गोरखचिंचेला पंजासारखी पाच पानं असतात, कृपया आधी वाचून घ्यावं. त्याने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

माझं वाक्य पुस्तकातलं होतं आणि बरोबर होतं.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली. आईने पाणी वाढवलं. मग कमी केलं. मग ताक ओतलं. मार्गशीर्षात शेवटचं पान गळलं आणि बादलीत राहिली एक राखाडी काठी, बुंध्याशी जरा जाड, बाकी काही नाही. मी म्हटलं, गेलं. आईने नखाने साल जराशी खरवडली. आत ओला हिरवा रंग होता.

“आहे,” ती म्हणाली. त्यानंतर ती दर थोड्या दिवसांनी कुठेतरी नख लावून बघायची. काठीवर लहान लहान हिरव्या चंद्रकोरी झाल्या होत्या.

गेल्या वर्षी माघात सोसायटीने गच्ची दुरुस्तीला काढली. गळती होती, ते कामही खरोखर गरजेचं होतं. होळीच्या आत सगळ्या कुंड्या खाली आणायच्या होत्या. सभेत एकेक रोप बघायचं. ठरावात बसणारी रोपं कुंपणाच्या कडेला जमिनीत जातील, बाकीची मालकाने घरात न्यावीत किंवा बाहेर द्यावीत. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळी, बाल्कनी नाही. म्हणजे नाव मिळालं तर आईचं झाड जमिनीत, नाही तर गेटबाहेर. सरळ हिशेब होता आणि नियम माझा होता.

पेडणेकर काका गच्चीवर पाहणीला आले तेव्हा मी आणि आई तिथेच होतो.

“ही काठी कसली?”

“रोप आहे,” मी म्हटलं. “पानं गळलीत.”

“नाव?”

“शोधतोय.”

“शोधा शोधा.” ते अगदी प्रेमाने म्हणाले. “तुमच्या पत्रकात लिहिलंय ना, नाव माहीत नसलेलं लावायचं नाही. मी फ्रेम करून ठेवलंय ते.”

“काका, टोमणे नका मारू.”

“टोमणा कुठे, मॅडम? मी तुमचा फॅन आहे.”

संध्याकाळी पोळ्या लाटताना आई म्हणाली, “तू एवढं शिकलीस. एका झाडाचं नाव तुला सापडत नाही?” त्यात राग नव्हता. नुसता प्रश्न होता, म्हणून जास्त लागला. आईने सोसायटीत कधी काही मागितलं नव्हतं. पाण्यासाठी भांडलो आम्ही, लिफ्टसाठी भांडलो आम्ही. तिला हवी होती एका बादलीएवढी जमीन.

त्याच आठवड्यात पाचूबंदरला आईच्या मावसबहिणीकडे मुलीची हळद होती. वसईला उतरून बसने निघालो. किल्ल्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं, बस अलीकडेच थांबली, तेव्हा उरलेलं चालत गेलो. ऊन होतं. आईने नवी साडी नेसली होती आणि ती धूळ चुकवत चालली होती. मी पुढे होते. मागून तिची हाक आली. हाक नव्हे, ओरडणंच.

“अगो बाय! हे बघ, बोये!”

मला वाटलं कोणी जाळी वाळत घातलीत. वळून बघितलं तर ती मान वर करून उभी होती. समोर एक प्रचंड झाड. खोड हत्तीच्या पायासारखं सुरकुतलेलं, वर आखूड, वाकड्यातिकड्या फांद्या, आणि एकही पान नाही. त्या नागड्या फांद्यांना लांब देठांनी बोये लटकत होते. काळे नव्हते, मखमली करडे होते. पण आकार तोच, टोकं तीच. वाऱ्याने हलत होते.

एक फळ खाली पडलेलं होतं. आईने ते उचललं, जुन्या भिंतीच्या दगडावर घासून वरची लव काढली, कानाशी धरून हलवलं आणि माझ्या कानाशी धरलं. खुळखुळ आवाज आला.

“माझे बाबा इथून न्यायचे असतील,” ती म्हणाली. “हळदी-लग्नाला यायचे ना पाचूबंदरला. पिशवी भरून न्यायचे. आम्हाला वाटायचं खाऊ आहे.”

हे झाड मला माहीत होतं. मी त्याचे फोटो पाहिले होते, सगळे पावसाळ्यातले, पानांनी भरलेले. त्याचं नाव मी ग्रुपवर एका भल्या माणसाच्या अंगावर फेकलं होतं. तिथेच रस्त्यात उभी राहून मी मोबाइलवर पुन्हा वाचलं, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. गोरखचिंचेच्या लहान रोपाला सुरुवातीला साधी पानं येतात. पाच पानांचा पंजा नंतर येतो. हिवाळ्यात पानं गळतात.

आम्ही सगळे इतके महिने पान बघत बसलो होतो. ज्या कवटीत लसूण होता तिच्याकडे कोणी बघितलं नाही. आणि झाड ओळखू आलं ते त्याच्यावर एकही पान नसताना, नुसत्या फळावरून. ओळखणारीला झाड ठाऊक नव्हतं, तिला बोया ठाऊक होता.

हळदीत आई नाचली. मी तिला क्वचितच नाचताना बघितलंय.

परत येताना बसमध्ये तिने पिशवीतलं फळ मांडीवर घेतलं होतं. “गोरखचिंच,” ती दोन-तीनदा म्हणाली, नवीन सुनेचं नाव म्हणून बघावं तसं. “पाटी मी लिहिणार. तुझं अक्षर डॉक्टरसारखं आहे.”

वाचलेल्यातलं पुढचं वाक्य मला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. शेवटी सांगितलं. “आई, हे झाड आपल्याकडचं नाही. मूळचं आफ्रिकेचं आहे. फार जुन्या काळी आणलं. कोणी म्हणतं अरबांनी, कोणी म्हणतं पोर्तुगिजांनी.”

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “पेडणेकरला कुठे माहीत आहे? गोरखचिंच म्हण. नाव तर मराठीच आहे.”

खरं होतं. नाव मराठीच आहे. आणि सगळा प्रश्न तिथेच होता.

सभा रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये सगळ्या कुंड्या ओळीने, आजूबाजूला पानं उडतायत. कढीपत्ता मंजूर झाला. तुळशी मंजूर झाल्या. कोणाचा तरी क्रोटन नामंजूर झाला आणि त्या बाई तो उचलून तरातरा लिफ्टकडे गेल्या. मग बादली पुढे आली. आईने घरूनच प्लायवुडचा तुकडा आणला होता, त्यावर पांढऱ्या रंगात तिने वळणदार लिहिलं होतं. रंग वाळलाही नव्हता.

पेडणेकर काकांनी पाटी वाचली. मला वाटलं होतं ते वाकड्यात शिरतील. त्यांचा चेहरा एकदम खुलला. “गोरखचिंच! वा! म्हणजे आपल्या गोरखनाथांचं झाड. फार छान, वहिनी. मंजूर, मंजूर. कोणाची हरकत?”

कोणाची हरकत नव्हती. आईने माझ्याकडे बघितलंही नाही, तिने गेटजवळच्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे ऊन चांगलं येतं.

मी उठले. “थांबा,” मी म्हटलं. “हे झाड आफ्रिकेतलं आहे. ठरावात बसत नाही.”

पेडणेकर काका हळूच म्हणाले, “असू दे ना. एवढं कोण बघतं? वहिनींचं आहे. एक अपवाद करू. तसा मग कुंपणाला माझा कोनोकार्पसही...”

“तोही नाही,” मी म्हटलं. “दोन्ही नाही.”

“अहो, आईचं झाड आहे तुमच्या!”

“म्हणूनच.”

आईने पाटी उचलली, ओला रंग साडीला लागू नये म्हणून लांब धरली, आणि वर निघून गेली.

मी वर गेले तेव्हा ती मांदेली साफ करत होती. बाबा वर्तमानपत्रामागे. मी म्हटलं, “आई, मला खोटं बोलता आलं नसतं.”

“खोटं बोल कोण म्हणालं?” तिने मान वर केली नाही. “मी तुला गप्प बसायला सांगितलं होतं.”

“एकच ते.”

“एकच नाही. तुझ्या बाबांना विचार. युनियनमध्ये किती वेळा गप्प बसले.”

वर्तमानपत्राचं पान उलटलं. बाबा त्यामागून बाहेर आले नाहीत. नुसता आवाज आला, “दोन वेळा.”

“तीन,” आई म्हणाली.

मग हात धुऊन तिने मामाला फोन लावला. “जनू, बाबांचा बोया परत आनते.”

“फुटला ना तो?”

“झाड झालंय त्याचं. जाली सुकवतोस तिथं कोपऱ्यात जागा कर.”

“काठी हाय ती. तूच बोललीस काठी हाय.”

“काठीच हाय. पन जीव हाय त्यात.”

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बादली घेऊन अर्नाळ्याला निघालो. आई माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. पिशवी धर, सुटे दे. बादली तिच्या पायांशी, काठी तिच्या गुडघ्यांच्या मधून वर आलेली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, काठीचं तिकीट काढू?” आगाशीला एक बाई केळीच्या पानांचा भारा घेऊन चढल्या, शेजारी बसल्या, आणि अशा बायका विचारतात तसं त्यांनी विचारलं, “कशाचं रोप गो?”

“गोरखचिंच,” आई म्हणाली. मग आवाज चढवून, माझ्याकडे बघत, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, “आफ्रिकेची!”

त्या बाई म्हणाल्या, “हो? मग आपल्याकडं लागंल का?”

“बघू,” आई म्हणाली. आणि तिला हसू आलं. मलाही आलं. सभेनंतर पहिल्यांदा.

मामाने खड्डा खणून ठेवला होता. बादली कापली तेव्हा काठीखाली मुळ्यासारखं जाडजूड, पांढरट मूळ निघालं. वर बोटभर जाडी आणि खाली हे. “कोशिंबीर कर याची,” मामा म्हणाला. त्याच्या बायकोने पाणी घातलं. आईने पाटी रोवली. आजूबाजूला वाळत घातलेली निळी-हिरवी नायलॉनची जाळी, सुकटीचा वास, पलीकडे समुद्र. आईने काठीला नख लावून बघितलं, आणि आम्ही परत आलो.

मी योग्य केलं का, हा प्रश्न मला लोक विचारतात. आमच्या ओळखीत ही गोष्ट पसरली आहे. मी सांगते की मी योग्य केलं, आणि नियम चुकीचा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पत्रकात लिहिता येत नाही. पत्रकात एका बाजूला उभं राहावं लागतं. मी ‘परदेशी’ हा शब्द एका फटक्यात लिहिला होता. त्यात कालचा कोनोकार्पसही येत होता आणि ज्याला आणणाऱ्यांची नावंही आता कोणाला सांगता येत नाहीत असं झाडही येत होतं. आवारात ज्याची लाल पानं मी कौतुकाने बघते तो देशी बदामही, मी नंतर वाचलं, फार कुठला देशी नाही. बाबांनी पत्रक तपासताना विशेषणं कापली. हे विशेषण त्यांच्याही नजरेतून सुटलं.

पण चुकीचा नियम बदलायचा तर तो सगळ्यांसमोर, आणि आपला फायदा उरलेला नसताना. ज्या दिवशी आपल्या आईचं झाड समोर आहे त्या दिवशी नाही. यावर मी अजून ठाम आहे. दिवाळीच्या सभेत मी दुसरं पत्रक वाटलं. त्यात म्हटलं की झाड कुठलं आहे हे विचारू या, लपवू नये, पण तेवढ्यावर थांबू नये. इथे आल्यावर ते काय करतं, पाखरू बसतं का, शेजारच्या झाडाला जगू देतं का, हेही विचारू या. लावणाऱ्याने उभं राहून सांगावं. पेडणेकर काका लगेच कोनोकार्पससाठी उभे राहिले. त्यांनी हिरव्या भिंतीचं वर्णन केलं. पहिल्या मजल्यावरच्या लहान मुलीने विचारलं, “त्याच्यावर चिमण्या बसतात?” काका प्रामाणिक माणूस आहेत. ते म्हणाले, “बसलेल्या पाहिल्या नाहीत,” आणि खाली बसले.

त्या दिवशी जिना चढताना आईने विचारलं, “म्हणजे आता माझं झाड चाललं असतं?”

“हो.”

“आणू परत?”

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “आता नाही येणार ते.”

कारण मधल्या काळात आषाढ येऊन गेला होता. मामाने त्या वेळी व्हिडिओ कॉल केला होता, पाऊस पडत असताना, डोक्यावर प्लास्टिक धरून. काठीला पानं फुटली होती. खालची साधी, मधली तीन-तीन, आणि शेंड्याला नवं कोवळं पान, पाच बोटांचं. मामाने आपला पंजा त्याच्या शेजारी धरला होता. “मोज,” तो म्हणत होता. “मोज ना बाय, तू शिकलेली.” मी त्याचा स्क्रीनशॉट काढून त्या ग्रुपवर टाकला, त्या भल्या माणसाला नावाने संबोधून. त्याने पुन्हा हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

यंदा बदामाची पानं पडायला लागली तशी आई म्हणाली, “अर्नाळ्याला जाऊन येऊ.” गेल्या रविवारी गेलो.

जाळी सुकवायच्या जागेत कोपऱ्यात काठी उभी होती. माझ्या कमरेच्या वर आली आहे. बुंधा बाटलीसारखा फुगलाय. पान एकही नाही. पाटीचा रंग खाऱ्या हवेने निम्मा उडालाय, ‘चिंच’ तेवढं वाचता येतं. घरातले सगळे त्याला बोयाचं झाड म्हणतात, त्यामुळे पाटीची कोणाला गरज नाही. आणि त्याच्या एकुलत्या एक आडव्या फांदीला, नायलॉनच्या दोरीने, मामाने एक प्लास्टिकचा नारिंगी बोया लटकावून ठेवला होता.

“बघ, फल लागलं तुज्या झाडाला,” मामा म्हणाला. तो बहुतेक कितीतरी दिवस या क्षणाची वाट बघत होता.

मी वाकून खोडाला नख लावणार होते. आईने माझा हात बाजूला केला. “काय सारखं खरवडायचं? झोपलंय ते.”

मग तिने तो नारिंगी बोया हातात घेतला, दोरीसकट कानाशी ओढला आणि सवयीने हलवून बघितला. काही वाजलं नाही. मामा म्हणाला, “काढू?”

आईने तो हळूच सोडला. फांदी जराशी हलली.

“राहू दे,” ती म्हणाली. “खरा लागेपर्यंत.”